काळ्याचे किती काळे? डार्करूममधल्या प्रिंटची छटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावातल्या आमच्या जुन्या घरात न्हाणीघराला लागून आठ बाय सहा फुटांची खोली आहे. पूर्वी तिथे सरपण असायचं, आता एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा कागदावर मोठी करून पाडणारं यंत्र, आहे. धुळे, अमळनेर, भुसावळ, शहादा अशा गावांहून मुलंमुली कृष्णधवल फोटो प्रिंटिंग शिकायला येतात. फिल्म धुता येते, प्रिंटही निघतो, पण काळा हवा तसा काळा येत नाही, ही बहुतेकांची तक्रार. कुणाचा हिरवट येतो, कुणाचा मातकट, कुणाचा निळसर. अहिराणीत आम्ही काळ्याला ‘काया’ म्हणतो. एक मुलगा हताश होऊन म्हणाला, ‘दादा, यो काया काया का नाही?’ तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

टोन म्हणजे काँट्रास्टच ना?

नाही. आपल्याकडे स्टुडिओत दोन्हीला ‘टोन’च म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. काँट्रास्ट म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचं अंतर. छटा म्हणजे त्या काळ्याचा स्वतःचा रंग. पोळ्याच्या बैलाचे दोन प्रिंट शेजारी ठेवा, दोन्ही एकाच ग्रेडचे, म्हणजे काँट्रास्टच्या एकाच पायरीचे. एकाचा काळा तव्याच्या बुडासारखा, दुसऱ्याचा चिंचोक्यासारखा. हा जो फरक आहे त्याबद्दलच इथे बोलतोय. थंड छटेचा प्रिंट जास्त काँट्रास्टचा भासतो, ते मात्र खरं. त्यामुळे छटा बदलली की ग्रेडही अर्ध्या पायरीने बदलावीशी वाटते.

चांदी एकच, मग रंग वेगवेगळा कसा?

प्रिंटवरचा काळा म्हणजे चांदीच, पण ती दागिन्यासारखी चमकत नाही, कारण ती अतिशय बारीक कणांच्या रूपात असते. कण मोठे असले, तारांच्या गुंत्यासारखे वाढलेले असले, की पडलेला सगळाच प्रकाश ते गिळतात आणि काळा शुद्ध किंवा जरा निळसर दिसतो. कण खूप बारीक राहिले तर ते निळा प्रकाश जास्त शोषतात, तांबडा कमी. मग प्रतिमा तपकिरी, लालसर दिसते. दाणा बारीक तर छटा गरम, दाणा मोठा तर छटा थंड. कागद, डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारं द्रावण), तापमान, वेळ ही सगळी शेवटी या दाण्यावरच काम करतात. टोनर, म्हणजे तयार प्रिंटचा रंग बदलणारं द्रावण, तेवढा वेगळा, तो चांदीचंच दुसरं काहीतरी करून टाकतो.

गरम छटा हवी तर कोणता कागद घेऊ?

आधी कागद निवडा, मग बाटल्यांकडे वळा. छटेतला मोठा वाटा कागदाचा असतो. इमल्शनमध्ये, म्हणजे कागदावरच्या प्रकाश टिपणाऱ्या थरात, सिल्व्हर ब्रोमाइड जास्त असेल तर कण मोठे आणि छटा उदासीन ते थंड. क्लोराइडचं प्रमाण वाढलं की कण बारीक आणि छटा गरम होण्याकडे कल. दोन्हींचं मिश्रण म्हणजे क्लोरोब्रोमाइड कागद. जुन्या पोर्ट्रेटवाल्यांचा लाडका ॲग्फाचा ‘पोर्ट्रिगा रॅपिड’ याच जातीचा होता. आज इलफर्डचा ‘मल्टिग्रेड एफबी वॉर्मटोन’ आणि चेक कंपनी फोमाचा ‘फोमाटोन’ मिळतो. थंड छटेसाठी इलफर्डचाच ‘कूलटोन’ आहे. सगळं आयातीचं, त्यामुळे महाग. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद खान्देशातल्या स्टुडिओंपर्यंत पोचायचा, तो काळ गेला. कोडॅकनेही कृष्णधवल कागदाचं उत्पादन २००५मध्ये थांबवलं.

आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला कागद, शिकायला उत्तम. झटपट धुतो, झटपट वाळतो. पण छटेच्या बाबतीत तो हट्टी. काही आरसी कागदांच्या इमल्शनमध्येच डेव्हलपिंग एजंट घातलेला असतो, मग तुम्ही ट्रेमध्ये काहीही ओता, तो आपल्याच चालीने चालतो. छटेशी खेळायचं तर फायबर, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेला (एफबी) कागद घ्या आणि धुण्यावाळवण्याचा ताप सोसा.

कागद पिवळसर असला म्हणजे छटा गरम झाली का?

नाही. कागदाचा पांढरा आणि चांदीचा काळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साईरंगी कागदावरही काळा थंड येऊ शकतो. ते दृश्य मला तरी विचित्र वाटतं, दुधात शाई सांडल्यासारखं. फायबर कागदावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर असतो, त्यात कंपनी रंग किंवा चकाकी मिसळते. तिथे तुम्ही काही करू शकत नाही.

डेव्हलपर बदलून छटा कितपत बदलते?

गरम छटेच्या क्लोरोब्रोमाइड कागदावर डोळ्यांना सहज कळेल इतकी. ब्रोमाइड कागदावर थोडी. आरसीवर जवळपास नाही. हा क्रम लक्षात असू द्या, नाहीतर आरसी कागदाच्या तुकड्यावर आठ प्रयोग करून ‘काही होत नाही’ म्हणाल.

माझा रोजचा डेव्हलपर कोडॅकच्या जुन्या, जगभर छापल्या गेलेल्या डी-७२ सूत्राचा. एक लिटर साठा द्रावणासाठी मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट ६७.५ ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. कोमट, साधारण ५० अंशांच्या ५०० मिलिलिटर पाण्यात एकेक विरघळवत जायचं आणि शेवटी गार पाण्याने लिटर भरायचं. आधी सल्फाइटची नुसती चिमूट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट. सगळं सल्फाइट आधी टाकलंत तर मेटॉल विरघळतच नाही, तरंगत बसतं. वापरताना एक भाग साठा आणि दोन भाग पाणी.

इथून छटा दोन्हीकडे ढकलता येते. गरम हवी तर पोटॅशियम ब्रोमाइडचं १० टक्के द्रावण करून ठेवा आणि वापरायच्या लिटरभर डेव्हलपरमध्ये ५-१० मिलिलिटर घाला. ब्रोमाइड डेव्हलपमेंटला लगाम घालतं, कण बारीक राहतात. मात्र एन्लार्जरखाली प्रकाश वाढवावा लागतो, नाहीतर प्रिंट फिका पडेल आणि तुम्ही ब्रोमाइडला शिव्या द्याल. थंड हवी तर ब्रोमाइड कमी करून बेंझोट्रायझोलचं १ टक्का द्रावण १०-१५ मिलिलिटर. तेही लगामच, पण त्याने काळा निळसर बाजूला जातो. जुन्या पाकिटातल्या कागदावर येणारी राखाडी झाकही त्याने कमी होते, म्हणून ती बाटली माझ्याकडे कायम असते.

तिसरा मार्ग बिनखर्ची. जास्त प्रकाश द्या, डेव्हलपर एकास दोनऐवजी एकास पाच करा, संथ चालू द्या. गरम कागदावर छटा आणखी तपकिरीकडे झुकते. मेटॉलसारखंच डेव्हलप करणारं ग्लायसिन असलेली काही सूत्रंही गरम बाजूची. ग्लायसिन महाग आहे आणि डबीत फार टिकत नाही, शिकताना त्याच्या नादी लागू नका.

सोडा किराणा दुकानातला चालेल का?

धुण्याचा सोडा चालतो, पण वजन बदलतं. त्याच्या खड्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. ६७.५ ग्रॅम निर्जल कार्बोनेटच्या जागी साधारण १८२ ग्रॅम स्वच्छ खडे लागतात. डबा उघडा राहिला की खडे पांढरी भुकटी होतात, पाणी उडतं आणि हिशेब पुन्हा चुकतो. खाण्याचा सोडा चालत नाही. पापडखारही नाही. एका मुलीने आईच्या डब्यातून आणला होता, प्रिंट अर्ध्या तासाने उगवला.

मे महिन्यात काम कसं करता?

पहाटे. चारला उठून सातपर्यंत, नंतर खोलीला कुलूप. बाहेर ४४-४५ अंश, गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यात हात घालवत नाही, आणि सूत्रं सगळी २० अंशांसाठी लिहिलेली.

उष्णतेने छटा बिघडते ती दोन तऱ्हेने. एक म्हणजे डेव्हलपर इतका धावतो की प्रिंट पंधरा सेकंदांत काळवंडतो, माणूस घाबरतो आणि चिमट्याने बाहेर ओढतो. अर्धवट डेव्हलप झालेला प्रिंट मातकट, ढगाळ, डाग-डाग येतो. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात आजीचा प्रिंट मी ३४ अंशांच्या डेव्हलपरमधून चाळीस सेकंदांत ओढला होता. पांढऱ्या नऊवारीवर तपकिरी नकाशा उमटला. घरच्यांना वाटलं मुद्दाम जुन्या फोटोसारखा केला आहे. मी मान डोलावली. दुसरं म्हणजे जिलेटिन फुगून मऊ होतं, कडा सुटतात, नखाचा ओरखडाही उठतो.

उपाय साधे आहेत. आदल्या रात्री माठ भरून ठेवायचा, आपल्या कोरड्या हवेत माठ उत्तम काम करतो. डेव्हलपरचा ट्रे मोठ्या परातीत ठेवून परातीत माठाचं पाणी, कडेने ओलं गोणपाट, वर पंख्याचा झोत. झोत कागदावर नको, धूळ उडते. बर्फ लागलाच तर प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, डेव्हलपरमध्ये थेट कधीच नाही, द्रावण पातळ होतं आणि छटा प्रिंटागणिक सरकते. २० अंशांचा हट्टही सोडा. सगळे ट्रे २४ अंशांवर स्थिर राहिले तरी काम चोख होतं. डेव्हलपर १८ आणि धुण्याचं पाणी ३८ असं मात्र नको. श्रावणात हवा दमट असली की माठ-गोणपाटाचा उपयोग होत नाही, पण तेव्हा पाणीच मुळात इतकं तापलेलं नसतं.

आणखी एक जुनी युक्ती, गुणकाची. प्रिंट ट्रेमध्ये टाकल्यापासून पहिली गडद खूण कधी दिसते ते सेकंदांत मोजा. समजा २० सेकंदांनी दिसली आणि १२० सेकंदांत प्रिंट हवा तसा झाला, तर तुमचा गुणक ६. दुसऱ्या दिवशी डेव्हलपर जरा गरम आहे, खूण १४ सेकंदांत आली, तर वेळ १४ गुणिले ६, म्हणजे ८४ सेकंद. थर्मामीटरकडे सारखं बघायला लागत नाही आणि छटा बरीच सारखी राहते.

आणि थंडीत?

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उलटं होतं. द्रावण १३ अंशांच्या खाली गेलं की हायड्रोक्विनोन झोपतं, एकटं मेटॉल काम करतं, आणि काळा काळा न होता राखाडी, मलूल राहतो. परातीत कोमट पाणी ओता. संपलं.

आमच्या बोअरचं पाणी जड आहे. त्याचा छटेवर परिणाम होतो का?

खान्देशातून येणारा हा सगळ्यात मोठा प्रश्न. परदेशी पुस्तकांत त्यावर जेमतेम एखादी ओळ असते.

बेसॉल्टच्या खडकातून वर येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. गिझरच्या कॉइलवर आणि माठाच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो तो हाच. या पाण्यात डेव्हलपर बनवताना सोडा टाकला की पाणी ताकासारखं होतं, खडू खाली बसतो. तोच साका प्रिंटवर चिकटतो. ओल्यात दिसत नाही, वाळल्यावर धोतराच्या पांढऱ्यावर आणि काळ्या मातीच्या गडदपणावर धुरकट पापुद्रा येतो. मुलं म्हणतात छटा गेली. छटा जागेवरच असते, तिच्यावर चुना बसलेला असतो.

डेव्हलपर आणि टोनर आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात करा. लिटरमागे पंधरा-वीस रुपयांची बाटली परवडते, कागदाचं एक पान त्याहून महाग आहे. गच्चीवरचं पावसाचं पाणीही उत्तम, फक्त पहिल्या दोन सरी वाहून जाऊ द्या. बोअरचंच वापरायचं असेल तर सगळ्यात आधी त्यात लिटरला १-२ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट विरघळवा, ते कॅल्शियमला धरून ठेवतं.

धुण्यासाठी मात्र बोअरचं पाणी बिनधास्त वापरा. फार मऊ पाण्यात जिलेटिन जास्त फुगतं, थोडं जड पाणी धुण्याला बरंच. आरओच्या धारेखाली तासभर प्रिंट धुणारा माणूस मी पाहिला आहे, मशीन मागे तेवढंच पाणी गटारात सोडत होतं. आपल्या भागात हे पाप आहे. ट्रे भरा, पाच मिनिटं हलवा, ओता, पुन्हा भरा. शेवटची एक बुडी आरओच्या पाण्यात द्या, म्हणजे वाळताना ठिपके पडत नाहीत.

प्रिंट हिरवट येतो, काय चुकलं?

बहुधा डेव्हलपर थकला आहे, किंवा ब्रोमाइड जास्त पडलं आहे. दोन्ही एकच. प्रत्येक प्रिंटमधून थोडं ब्रोमाइड द्रावणात उतरतं, ते साठत जातं. मी लिटरभर वापरायच्या डेव्हलपरमध्ये आठ बाय दहाचे वीसेक प्रिंट झाले की तो ओतून देतो. गरम छटेच्या काही कागदांचा रंग मुळातच किंचित हिरवट असतो, तो सौम्य सेलेनियम टोनरने जातो. याउलट गरम प्रिंटचे हलके भाग हायपोत, म्हणजे प्रतिमा पक्की करणाऱ्या फिक्सरमध्ये, गेल्यावर पुसट झाले, तर अमोनियमवाला जलद फिक्सर जास्त वेळ झाला. बारीक कण तो सहज खातो. कंपनीने दिलेली वेळ पाळा, ट्रेमध्ये प्रिंट टाकून जेवायला जाऊ नका.

लोडशेडिंग आणि कमी व्होल्टेजचं काय?

एक्स्पोजर चालू असताना वीज गेली तर तो कागद गेला, उरलेले सेकंद नंतर देऊन कधी जमत नाही. खरा त्रास व्होल्टेज पडण्याचा. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की एन्लार्जरचा दिवा मंदावतो आणि पिवळाही होतो. मल्टिग्रेड कागद निळ्या प्रकाशाला कडक (जास्त काँट्रास्टचा) आणि हिरव्याला मऊ (कमी काँट्रास्टचा) प्रतिसाद देतो, त्यामुळे निळा कमी झाला की प्रिंट फिकाही येतो आणि मऊही. दुपारी काढलेली टेस्ट स्ट्रिप, म्हणजे प्रकाशाची वेळ ठरवायची चाचणीची पट्टी, संध्याकाळी खोटी ठरते. फ्रिजला लावतात तसा स्टॅबिलायझर एन्लार्जरला लावा.

प्रदर्शनासाठी दहा प्रिंट एकाच छटेचे हवे आहेत.

एकाच पाकिटातला कागद, एकाच दिवसाचं काम, गुणक पद्धत, आणि प्रत्येक पाचव्या प्रिंटनंतर ताजा डेव्हलपर. पहिला पसंत पडलेला प्रिंट पाण्याच्या ट्रेमध्ये समोर ठेवा, ओल्याशी ओला ताडून बघा. टोनिंग करायचं असेल तर दहाही प्रिंट एकाच बैठकीत टोन करा. रावेरच्या केळीच्या ट्रकांची मालिका मी तीन आठवड्यांत मिळून छापली होती. भिंतीवर लावल्यावर ती तीन वेगळ्या माणसांनी छापल्यासारखी दिसली.

ओला प्रिंट सुंदर होता, वाळल्यावर मेला. का?

फायबर कागद वाळताना गडद होतो आणि हलके भाग दबतात. टेस्ट स्ट्रिप वाळवूनच निर्णय घ्या, हेअर ड्रायरने दोन मिनिटांचं काम. साधारण पाच ते दहा टक्के प्रकाश कमी द्यावा लागतो, तुमच्या कागदाचा आकडा तुम्हीच काढा. छटाही वाळल्यावरच खरी कळते. आणि ट्यूबलाइटखाली बघू नका, गरम प्रिंट तिथे मेलेला दिसतो आणि पिवळ्या बल्बखाली थंड प्रिंट गरम. उत्तरेच्या खिडकीत, सकाळी दहाच्या सुमारास, सावलीत बघा.

जुन्या अल्बममधले फोटो तपकिरी असतात, ती गरम छटाच का?

कधी हो, कधी नाही. एकोणिसाव्या शतकातले बरेचसे प्रिंट अल्ब्युमिनचे, अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचे. ते डेव्हलप करत नसत, निगेटिव्हखाली ठेवून उन्हातच प्रतिमा उमटवत. अशा चांदीचे कण फारच बारीक, म्हणून रंग मुळातच तांबूस. वर सोन्याचं टोनिंग देऊन तो जांभळट तपकिरी करत.

याचा आपल्या मातीशी संबंध आहे. अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला १८४४मध्ये नेमलेला मेजर रॉबर्ट गिल पुढे तिथे कॅमेराही चालवू लागला. त्याने रंगवलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या, फोटो मात्र उरले. १८७९मध्ये तो वारला आणि त्याला भुसावळला पुरलं. त्या काळच्या अशा प्रिंटचा तांबूसपणा हा चांदीच्या दाण्याचा गुण, ऱ्हासाचा नाही.

तुमच्या आजोबांच्या लग्नातला फोटो कडेने पिवळा पडत चालला असेल तर गोष्ट वेगळी. तो नीट न धुतलेला हायपो आहे. आत राहिलेलं गंधक चांदीला हळूहळू खातं. तो सेपिया नव्हे, तो रोग.

सेलेनियम टोनिंगने काय होतं?

दोन कामं होतात. प्रिंट जास्त टिकाऊ होतो आणि गडद भाग आणखी खोल जातात. रंग बदलतो की नाही हे कागदावर. थंड ब्रोमाइड कागदावर फक्त काळा भरदार होतो. गरम क्लोरोब्रोमाइडवर वांग्याच्या सालीसारखी जांभळट तपकिरी छटा येते. भरताचं नव्हे, कच्च्या वांग्याच्या सालीची.

एकास वीस पातळ द्रावणात बदल सावकाश होतो, एकास तीनमध्ये झपाट्याने. शेजारी टोन न केलेला ओला प्रिंट ठेवाच, कारण डोळा हळूहळू सरावतो आणि तुम्हाला वाटतं काहीच होत नाही. सेलेनियम आधी गडद भागांना धरतं, त्यामुळे मध्येच थांबलात तर सावल्या जांभळट आणि हलके भाग थंड राहतात. काळ्या मातीच्या भेगा आणि वर पांढरा कापूस अशा प्रिंटवर हे फार देखणं दिसतं. फिक्सिंग किंवा धुणं कच्चं असेल तर पिवळट डाग पडतात, ते निघत नाहीत. सेलेनियम विषारी आहे आणि अमोनियाचा वास येतो. रबरी हातमोजे आणि उघडी खिडकी, इथे गंमत नाही.

सेपिया घरी करता येईल?

येईल, अंगणात. पहिल्या ट्रेमध्ये पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइडचं द्रावण, त्यात प्रतिमा पिवळट होऊन जवळपास नाहीशी होते. धुवून दुसऱ्या ट्रेमध्ये सोडियम सल्फाइड, की प्रतिमा तपकिरी होऊन परत येते. पहिल्यांदा बघणारं प्रत्येक पोर ओरडतं. सल्फाइडला सडक्या अंड्यांची घाण येते. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा सिलिंडर गळतोय म्हणून गल्ली गोळा केली होती. त्याचा वायू विषारी असतो, त्यात आम्ल पडलं तर फार जास्त निघतो, म्हणून स्टॉप बाथच्या, म्हणजे डेव्हलपर थांबवणाऱ्या आम्लाच्या ट्रेच्या, जवळपासही नेऊ नका. न वापरलेल्या कागदाची पाकिटं त्याच खोलीत असतील तर तीही धूसर होतात.

बिनवासाचा पर्याय थायोयुरिया आणि कॉस्टिक सोडा. त्यात छटा हातात राहते: कॉस्टिक जास्त तर गडद, थंड तपकिरी, कमी तर पिवळट. हातमोजे इथेही. आणि पहिल्या ट्रेमधून प्रिंट लवकर काढलात तर फक्त हलके भाग सेपिया होतात, गडद काळेच राहतात. सेपिया वरून खाली येतो, सेलेनियम खालून वर जातं. आधी अर्धवट सेपिया, मग सेलेनियम, असं दोन्ही एका प्रिंटवर करता येतं, आणि माझ्या मते म्हाताऱ्या चेहऱ्यांना याहून चांगलं काही नाही.

जळगाव सोन्याचं गाव. सोन्याचं टोनिंग करता का?

विचारतात सगळे. त्याला लागतं गोल्ड क्लोराइड, बाजारातली वेढणी नव्हे, आणि सोनं घरी तीव्र आम्लांत विरघळवायच्या भानगडीत पडू नका. साध्या प्रिंटला सोन्याने निळसर थंडपणा येतो, आणि सेपिया केलेल्या प्रिंटला नारिंगी-तांबडा रंग. मी दोनदाच केलं, किंमत बघून बाटली परत कपाटात.

निळ्या टोनरचं काय? रंग टिकत नाही.

लोहाचा निळा टोनर चांदीच्या जागी प्रशियन ब्लू आणतो, आणि प्रशियन ब्लू अल्कलीला टिकत नाही. आपलं बोअरचं पाणी अल्कलीच्या बाजूचं. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम काढला होता, निळा इतका सुरेख आला की मी तो तासभर धुतला. बाहेर काढला तेव्हा नदी राखाडी झाली होती. आता धुण्याच्या पाण्यात ॲसिटिक ॲसिडचे काही थेंब टाकतो आणि पांढरे भाग स्वच्छ झाले की लगेच बाहेर. हा टोनर प्रतिमा गडदही करतो, तेव्हा प्रिंट मुळात जरा फिका काढा.

वापरलेलं द्रावण कुठे ओतायचं?

विहिरीजवळ, शेताच्या पाटात किंवा शोषखड्ड्यात अजिबात नाही. हायपोत चांदी असते, पूर्वी स्टुडिओतून ती काढून घेणारे लोक घरोघरी यायचे. आता मी वापरलेल्या हायपोत स्टील वूल टाकून आठवडाभर ठेवतो, चांदी खाली गाळ होऊन बसते. सेलेनियम मी ओतत नाहीच, गाळून, त्यात ताजं घालून तेच वर्षानुवर्षं वापरतो.

तुमच्याकडे शिकायला यायचं आहे. काय आणू?

दिवाळीनंतर या, तेव्हा दिवसाही काम होतं. एक निगेटिव्ह आणा, ज्यात खरा काळा आणि खरा पांढरा दोन्ही आहेत. जुना सुती टॉवेल आणा. आणि तुमच्या घरच्या नळाचं दोन लिटर पाणी बाटलीत भरून आणा. डेव्हलपर त्यातच बनवू, म्हणजे घरी गेल्यावर काय होणार ते इथेच कळेल.